न्यूझीलंडनं वरिष्ठ सभागृह बंद केलं, पुढं काय झालं?

अमोल, तासगाव

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चा असते. या वेळचा विषय मी सुचवला आणि बोलायचंही माझ्याच गळ्यात पडलंय: दुसरं सभागृह लागतं का?

विषय निघाला तो घरात. पुणे पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्यानं करतात, मागच्या वेळी नाव असलं तरी नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. मी पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन निघालो होतो. वडील म्हणाले, "कशाला हेलपाटा घालतोस? विधान परिषद म्हणजे निवडणुकीत पडलेल्यांची सोय. न्यूझीलंडनं आपलं वरचं सभागृह कधीच मोडीत काढलं. काय अडलं त्यांचं?" ते बँकेतून निवृत्त झालेत, वाचन दांडगं आहे, उगाच काही बोलत नाहीत. म्हणून मला नीट समजून घ्यायचंय.

सभागृह बंद करायचा कायदा त्या सभागृहातूनही मंजूर व्हावा लागला असणार. मग आपली खुर्ची स्वतःच मोडायला ते सदस्य तयार कसे झाले? लोकांना विचारलं होतं का? आणि नंतर खरंच काही अडलं नाही का? तिकडं राहणारं कुणी असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

ॲड. शिरीष, लातूर

न्यूझीलंडचं तिथले लोक सांगतील. आपल्याकडचं आधी स्पष्ट करतो, कारण चर्चेत हमखास गोंधळ होतो.

घटनेच्या कलम १६९ प्रमाणं विधान परिषद बंद करायचा ठराव फक्त विधानसभा करते. एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. मग संसद साध्या बहुमतानं कायदा करते. परिषदेला स्वतःच्या मरणावर मतच नाही. पश्चिम बंगालची परिषद १९६९ मध्ये गेली, तमिळनाडूची १९८६ मध्ये. आंध्रची १९८५ मध्ये गेली, २००७ मध्ये परत आली. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या परिषदेनं तीन राजधान्यांची विधेयकं अडवून समितीकडं पाठवली, तर आठवडाभरात विधानसभेनं परिषदच बंद करायचा ठराव केला. पुढं परिषदेत सरकारचं बहुमत झालं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ठराव मागं घेतला. म्हणजे परिषद नकोशी होती ती विरोधात होती तेवढ्यापुरतीच.

माझं मत अमोलच्या वडिलांच्या बाजूचं आहे. कलम १९७ प्रमाणं परिषद साधं विधेयक फार तर आधी तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना थांबवू शकते. धनविधेयक चौदा दिवस. एवढ्यासाठी ७८ आमदार कशाला? जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मंजूर झालं आणि दुसऱ्याच दिवशी परिषदेतही. थांबवायचा अधिकार वापरायचाच नसेल तर तो कागदावर ठेवून उपयोग काय?

सुलभा, लोअर हट

अमोल, बरं झालं हा प्रश्न विचारलास. मी बरीच वर्षं वेलिंग्टनच्या शेजारच्या गावात राहते आणि इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. त्यामुळं लांब लिहिणार.

आधी तुझ्या वडिलांना सांग की तारीख १ जानेवारी १९५१. त्या दिवसापासून इथं एकच सभागृह आहे. पण गोष्ट १९५० पासून सांगितली तर ती चुकीची कळते. सुरुवात फार आधीची आहे.

१८५२ च्या ब्रिटिश कायद्यानं इथं दोन सभागृहं आली. खालचं निवडून येणारं. वरचं लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, त्याचे सगळे सदस्य नेमलेले, आणि तेही तहहयात. जमीनदार, व्यापारी, जुने अधिकारी. १८९१ मध्ये बॅलन्सचं लिबरल सरकार आलं, ते छोट्या शेतकऱ्यांचं आणि कामगारांचं. कौन्सिलनं त्यांची विधेयकं अडवायला सुरुवात केली. सरकारनं दोन गोष्टी केल्या. एक, नव्या सदस्यांची मुदत तहहयातवरून सात वर्षांवर आणली. दोन, आपले बारा सदस्य नेमायची मागणी केली. गव्हर्नर तयार होईना. वाद लंडनपर्यंत गेला आणि १८९२ मध्ये तिथून उत्तर आलं की गव्हर्नरनं मंत्रिमंडळाचा सल्ला मानावा.

माझ्या मते कौन्सिल खरं मेलं ते इथं. सात वर्षांनी पुन्हा नेमणूक हवी असेल तर सरकारला दुखवून चालणार नाही, आणि दुखवलंच तर सरकार आपली माणसं आत घालून बहुमत करणार. ही किल्ली १८९२ मध्ये सरकारच्या हातात आली आणि १९५० मध्ये त्याच किल्लीनं दाराला कुलूप लागलं.

पण मधलं एक साल सोडू नकोस. १८९३. बायकांच्या मताधिकाराचं विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं होतं आणि कौन्सिलमध्ये अडकण्याची चिन्हं होती. आधीच्या दोन वर्षांत ते तिथंच अडकलं होतं. केट शेपर्ड आणि तिच्या सहकारणींनी जवळजवळ ३२ हजार सह्या गोळा केल्या होत्या. पंतप्रधान सेडनला हा कायदा मनातून नको होता. त्यानं आपल्या पक्षाच्या एका कौन्सिल सदस्याला तार करून मत फिरवायला लावलं. ही ढवळाढवळ रेनॉल्ड्स आणि स्टीव्हन्स या दोन विरोधी सदस्यांना इतकी खटकली की आतापर्यंत विधेयकाच्या विरोधात असलेल्या या दोघांनी बाजू बदलून त्याच्या बाजूनं मत दिलं. ८ सप्टेंबर १८९३, २० विरुद्ध १८. स्वशासित देशाच्या पातळीवर बायकांना संसदेसाठी मत मिळालं ते जगात पहिल्यांदा, दोन चिडलेल्या म्हाताऱ्यांच्या मतांनी. मी इथं मतदान करते तेव्हा मला केट शेपर्ड आठवते तशी ही दोन नावंही आठवतात. पंतप्रधानांची तार आली तरी न वाकणारे सदस्य त्या सभागृहात तेव्हा होते. पुढच्या पन्नास वर्षांत तसे उरले नाहीत, आणि त्याला कारण १८९१–९२ मधले ते दोन बदल.

कौन्सिल सुधारायचा एक गंभीर प्रयत्नही झाला. १९१४ मध्ये कायदा झाला की सदस्य प्रमाणशीर मतदानानं, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा या पद्धतीनं, निवडून यावेत. मग महायुद्ध लागलं, तारीख पुढं ढकलली, आणि तो कायदा कधी अमलातच आला नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तो लागू झाला असता तर १९५० मध्ये सभागृह मोडणं एवढं सोपं गेलं नसतं.

शिरीषजी, तुम्ही म्हणता अधिकार वापरायचा नसेल तर ठेवायचा कशाला. नेमकं हेच १९४० च्या दशकात इथले लोक म्हणत होते, आणि ते खरंच होतं. कौन्सिलची बैठक थोडा वेळ भरायची, विधेयकं हातासरशी पुढं जायची, आणि जागा पक्षातल्या ज्येष्ठांसाठी राखलेल्या असायच्या. फक्त ते असं का झालं, हे कुणी विचारलं नाही.

अमोल, तासगाव

सुलभाताई, १८९३ ची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. रविवारी ती सांगणारच. पण मूळ प्रश्न अजून राहिला: १९५० मध्ये सदस्यांनी स्वतःच्या विरोधात मत कसं दिलं?

आणि एक माझ्याकडून. ज्यांनी रोजगार हमी योजनेची कल्पना मांडली ते वि. स. पागे आमच्या तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. योजनेचा पहिला प्रयोग आमच्याच भागात झाला. आमच्या आजीनं दुष्काळात त्या कामावर खडी फोडलीय. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, "तो माणूस मोठा, सभागृहाचा काय संबंध?" मला उत्तर सुचलं नाही.

सुलभा, लोअर हट

वडिलांचा प्रश्न चांगला आहे. पागेंसारखा माणूस विधानसभेतही काम करू शकला असता हे खरं. पण ज्याला दर पाच वर्षांनी तालुक्यातले रस्ते आणि लग्नं सांभाळायची नसतात, त्याला एका कल्पनेच्या मागं वर्षानुवर्षं लागता येतं. दुसऱ्या सभागृहाचा हा उपयोग मी मानते. हा उपयोग होतो की नाही, हे मात्र तिथं कुणाला पाठवतात यावर ठरतं.

आता १९५०. सिडनी हॉलंड विरोधी पक्षनेता असताना १९४७ मध्ये त्यानं कौन्सिल बंद करायचं खासगी विधेयक आणलं. तेव्हा लक्षात आलं की १८५२ चा कायदा ब्रिटिश संसदेचा, त्याचा हा भाग बदलायचा अधिकार आपल्याला नाहीच. मग २५ नोव्हेंबर १९४७ ला न्यूझीलंडनं वसाहतींना कायद्याची मोकळीक देणारा ब्रिटनचा वेस्टमिन्स्टर कायदा स्वीकारला आणि आपले सगळे कायदे बदलायचा पूर्ण अधिकार घेतला. आपला भारत स्वतंत्र झाला त्याच वर्षी. एक जुनं सभागृह मोडता यावं या वादातून एका देशाचं कायदे करण्याचं स्वातंत्र्य पुरं झालं, हे मला अजून नवलाचं वाटतं.

१९४९ ची निवडणूक हॉलंडनं जिंकली. कौन्सिलमध्ये लेबरनं नेमलेले लोक होते. त्यानं १९५० मध्ये पंचवीस नवे सदस्य नेमले. अट एकच, सभागृह बंद करायच्या बाजूनं मत द्यायचं. लोक त्यांना आत्मघाती पथक म्हणायचे. म्हणजे जुन्यांनी आपली खुर्ची मोडली असं झालं नाही, मोडण्यासाठीच नवे आणले गेले. त्यांत कोरा बरेल आणि एथेल गूल्ड या दोन बायका होत्या. कौन्सिलमध्ये बायका पहिल्यांदा आल्या १९४६ मध्ये, मेरी अँडरसन आणि मेरी ड्रीव्हर. ज्या सभागृहानं १८९३ मध्ये बायकांना मत दिलं तिथं पोचायला बायकांना त्रेपन्न वर्षं लागली, आणि पोचल्या तेव्हा चारच वर्षं उरली होती. १ डिसेंबर १९५० ला शेवटची बैठक झाली.

लोकांना विचारलं का? सार्वमत झालं नाही. हॉलंडच्या पक्षाच्या प्रचारात हा मुद्दा होता, तेवढंच. त्यानं पर्याय शोधायचं कबूल केलं होतं. रोनाल्ड अल्जी यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली आणि तिनं १९५२ मध्ये ३२ जणांच्या सिनेटची शिफारस केली. लेबर पक्ष समितीत सामील झाला नव्हता, हॉलंडलाही आता गरज वाटत नव्हती. अहवाल कपाटात गेला. अमोल, माझा सगळा राग या एका टप्प्यावर आहे. आधी मोडलं आणि बदली काय आणायचं याचा विचार नंतर केला. सत्तेवर बसलेल्याला नवा अडसर कशाला हवा असतो?

काही अडलं का, तर हो. १९७८ आणि १९८१, दोन्ही निवडणुकांत लेबरला देशभरात जास्त मतं पडली आणि सरकार हॉलंडच्या नॅशनल पक्षाचं आलं. १९७५ च्या डिसेंबरात पंतप्रधान मल्डूननं निवृत्तिवेतनाच्या योजनेची वर्गणी कापणं थांबवा असं पत्रक काढलं. कायदा तसाच होता, संसदेनं बदललेला नव्हता. पुढच्या वर्षी न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. नंतर १९८४ पासून लेबर सरकारनं अर्थव्यवस्था उलटीपालटी केली, तीही लोकांना श्वास घ्यायला वेळ न देता. चूक की बरोबर हा वेगळा वाद. पण संसदेत त्यांना थांबून विचार करायला लावणारं कुणी नव्हतं. लोकांनी शेवटी मतदानाची पद्धतच बदलली: १९९३ च्या सार्वमतात ५३.९ टक्के लोकांनी प्रमाणशीर पद्धत निवडली आणि १९९६ पासून ती लागू झाली. तेव्हापासून एका पक्षाला निर्भेळ बहुमत मिळालं ते फक्त २०२० मध्ये. १९५१ ते १९९६, पंचेचाळीस वर्षं हा देश जवळजवळ विनाब्रेकचा चालला.

मिलिंद, ब्रिस्बेन

सुलभाताईंच्या माहितीत आमच्या क्वीन्सलंड या ऑस्ट्रेलियातल्या राज्याची भर घालतो, कारण आत्मघाती पथकाचा हा डाव आधी इथं झालाय. १९१७ मध्ये वरिष्ठ सभागृह बंद करायचं का यावर सार्वमत झालं आणि लोकांनी नाही म्हणून सांगितलं. तरी १९२० मध्ये लेबर सरकारनं आपले चौदा सदस्य नेमून घेतले आणि १९२२ मध्ये सभागृह बंद केलं. १९३४ मध्ये उलट कायदा झाला की ते परत आणायचं तर सार्वमत लागेल. बंद करताना लोकांचा नकार चालला नाही, उघडताना मात्र होकार हवा.

पुढं १९६८ पासून १९८७ पर्यंत ब्येल्के-पीटरसन हे एकच मुख्यमंत्री खुर्चीत. पोलिसांतला आणि मंत्र्यांमधला भ्रष्टाचार फिट्झजेराल्ड चौकशीत बाहेर आला, १९८९ चा अहवाल आहे. त्यानंतर कुठं इथल्या संसदेत समित्या धड कामाला लागल्या. मी तर म्हणेन, जे आहे ते मोडू नका, दुरुस्त करा.

ॲड. शिरीष, लातूर

वाचून बरंच कळलं. तरी सुलभाताई, एक सरळ प्रश्न. उद्या न्यूझीलंडमध्ये वरिष्ठ सभागृह परत आणायचं सार्वमत झालं तर तुम्ही कुठं मत द्याल? तुम्ही एवढं ब्रेकबद्दल बोलता म्हणून विचारतो. जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी आमच्याकडं दोन्ही सभागृहांची मिळून समिती होती आणि तिच्याकडं बारा हजारांवर सूचना आल्या. काम झालं असेल तर ते समितीत झालं. परिषदेत एका दिवसात काय होणार?

सुलभा, लोअर हट

शिरीषजी, मी परत आणायच्या विरोधात मत देईन. आणि तुम्ही समितीचं म्हणालात, तिथंच माझं उत्तर आहे.

इथं जवळजवळ प्रत्येक विधेयक पहिल्या वाचनानंतर समितीकडं जातं, साधारण सहा महिने. कुणीही आपलं म्हणणं पाठवू शकतं, नागरिक असायची अट नाही. समोर जाऊन बोलायचं असेल तर तसं लिहायचं. आमच्या ग्रंथालयात लोक येतात, म्हणणं कसं पाठवायचं विचारतात, मी त्यांना संसदेच्या संकेतस्थळावर तो अर्ज उघडून देते. एका आजोबांना टाइप येत नव्हतं, त्यांनी सांगितलं तसं मी उतरवून दिलं. ते शेवटच्या ओळीपाशी अडले. "हे खरंच कुणी वाचतं का?" म्हणाले. वाचतात. वैतांगी तहाच्या (माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला १८४० चा करार) तत्त्वांच्या विधेयकावर तीन लाखांहून जास्त लोकांनी लिहिलं, बहुतेकांनी विरोधात, आणि १० एप्रिल २०२५ ला ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. मोठ्या पक्षांनी पाठिंबा न द्यायचं आधीच ठरवलं होतं हे मान्य. पण त्या महिन्यांत सगळ्या देशानं त्या विषयाचा अभ्यास केला, हे मी कामाच्या टेबलावर बसून पाहिलंय. पुस्तकं शेल्फवर टिकत नव्हती.

आता दुसरी बाजू. सरकारनं तातडी जाहीर केली की समितीचा टप्पा वगळता येतो. क्राइस्टचर्च भागात २०१० मध्ये भूकंप झाला, त्याचा कायदा १४ सप्टेंबरला एका दिवसात मंजूर झाला. त्या वेळी घाईचं कारण तरी होतं. मे २०२५ मध्ये समान वेतनाच्या कायद्यात बदल झाला. ६ तारखेला विधेयक आलं, ७ तारखेला मंजूर. चालू असलेले ३३ दावे थांबले, त्यांत बहुतेक बायकांच्या नोकऱ्या, परिचारिका, वृद्धांची देखभाल करणाऱ्या. बदलाच्या बाजूचे मुद्दे असतील, मी ऐकायला तयार होते. पण ऐकवायची आणि ऐकायची जागाच त्या दिवशी बंद होती. माझ्या डोळ्यांसमोर हे झालं म्हणून मी एवढी आग्रही आहे.

जुन्या कौन्सिलचं दालन संसदेच्या इमारतीत अजून आहे. मोफत फेरीत दाखवतात. लोअर हटहून रेल्वेनं वेलिंग्टनला उतरलं की पाच मिनिटांवर. १८९३ चं मतदान झालं ती लाकडी इमारत १९०७ मध्ये जळाली, हे दालन त्यानंतरचं. अधिवेशन सुरू होताना गव्हर्नर-जनरल तिथं बसून सरकारचं भाषण वाचतात, आणि ब्लॅक रॉड नावाचा अधिकारी खालच्या सभागृहाच्या दारावर तीनदा ठोकून खासदारांना बोलावतो. बाकी वेळ खोली रिकामी. तिथं पुन्हा पक्षांनी नेमलेली माणसं बसवून काही साधणार नाही. १८९२ ची किल्ली पुन्हा कुणाच्या तरी हातात जाणार.

मला हवं ते वेगळंच आहे. इथं काही कलमांना संरक्षण आहे. संसदेची तीन वर्षांची मुदत, मतदानाचं वय, गुप्त मतदान, हे बदलायला ७५ टक्के खासदार किंवा सार्वमत लागतं. समितीच्या टप्प्याला तसंच संरक्षण द्या. तातडीचं कारण खरं असेल तर तीन चतुर्थांश खासदार हात वर करतील, भूकंपाच्या वेळी सगळे एकत्र आलेच होते. नसेल तर सहा महिने थांबा. मुदत चार वर्षं करता यावी म्हणून २०२५ मध्ये विधेयक आलं. त्यात अट होती की चार वर्षं हवी असतील तर समित्यांमध्ये सरकारबाहेरच्या खासदारांचं वजन वाढवावं लागेल. मी त्यावर लेखी म्हणणं दिलं, ती अट ठेवा म्हणून.

अमोल, तुझ्या वडिलांना रविवारी चर्चेला घेऊन ये. त्यांना विचार की परिषद बंद झाली तर उद्याच्या विधेयकावर तासगावच्या माणसानं आपलं म्हणणं कुठं द्यायचं. उत्तर असेल तर मला इथं कळव, मला ते खरोखर वाचायचंय.